औषध पोचणार कधी, ते आधी ठरव

अनेक आशीर्वाद.

तुझ्या संशोधनाचा आराखडा वाचला. आवळ्याचा अर्क, डीपीपीएच या अँटिऑक्सिडंट-ताकद मोजणाऱ्या चाचणीतले देखणे आकडे, मग उंदरांना पंधरा दिवस अर्क पाजून हृदयाची धमनी बांधायची, सोडायची आणि किती स्नायू मेला ते मोजायचं. नीटनेटकं आहे. पण परळच्या कॅज्युअल्टीत येणारा हार्ट अटॅकचा पेशंट पंधरा दिवस आधीपासून अर्क पिऊन येत नाही. त्याची धमनी आधीच बंद असते. आपल्याला सापडते ती वेळ स्टेंट घालून रक्त परत सुरू होण्याच्या आसपासची.

खरी गडबडही तेव्हाच उडते. रक्त बंद असताना पेशीत सक्सिनेट हे चयापचयातलं रसायन साचतं. ऑक्सिजन परतला की ते झपाट्याने जळतं, मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात, इलेक्ट्रॉन उलटे कॉम्प्लेक्स-वन या एन्झाइमकडे रेटले जातात आणि सुपरऑक्साइड या घातक फ्री रॅडिकलचा लोंढा सुटतो. 2014 साली हे प्राण्यांमध्ये दाखवलं गेलं. सगळा कारभार पहिल्या काही मिनिटांचा. एवढ्या वेळात तुझा अर्क मायटोकॉन्ड्रियाच्या आत किती असेल? हा आकडा आराखड्यात कुठेच नाही. डीपीपीएच तो देणार नाही. ती चाचणी परीक्षानळीत रंग उडाला एवढंच सांगते. आणि सुपरऑक्साइडवर पेशीतलं एसओडी एन्झाइम व्हिटॅमिन सीच्या हजारो पट वेगाने तुटून पडतं. अर्काने त्याच्याशी शर्यत लावावी, हे मला तरी पटत नाही.

मोठमोठी औषधंही इथे आपटली आहेत. फ्री रॅडिकल पकडणारं, पक्षाघातासाठीचं औषध एनएक्सवाय-059 हे 2006च्या चाचणीत आशा दाखवून गेलं, 2007च्या मोठ्या चाचणीत ती टिकली नाही. उलट पक्षाघातासाठीच्याच, त्याच जातीच्या एडाराव्होनला जपानने 2001मध्येच मान्यता दिली. म्हणजे दार बंद नाही, पण अरुंद आहे.

माझं ऐकशील तर हृदय सोड, प्रत्यारोपणाचं मूत्रपिंड घे. तिथे रक्त कधी थांबणार आणि कधी सुरू होणार हे आधीच माहीत असतं. अवयव बर्फात असताना औषध थेट द्रावणात घालता येतं. विस्कॉन्सिनच्या साठवण-द्रावणात अ‍ॅलोप्युरिनॉल आणि ग्लुटाथायोन ही असंच नुकसान रोखण्यासाठीची द्रव्यं 1980च्या दशकापासून आहेतच. हृदय साधारण चार तासांत बसवावं लागतं, म्हणून आपल्याकडे ग्रीन कॉरिडॉरसाठी पोलीस रस्ते मोकळे करतात. मूत्रपिंड चोवीस तासही थांबतं, त्यामुळे प्रयोगालाही जरा उसंत मिळते.

तुलना साध्या सलाइनशी नको, त्याच विस्कॉन्सिन द्रावणाशी कर. नुसत्या एमडीएवर, म्हणजे पेशीतल्या चरबीच्या ऑक्सिडेशनच्या मापावर, थांबू नकोस. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन आणि ऊतींच्या स्लाइड्स हव्यातच, आणि स्लाइड वाचणाऱ्याला गट कळता कामा नये. म्हातारे आणि मधुमेही उंदीरही घे. गाइड कुरकुर करतील, खर्च वाढेल म्हणतील. एथिक्स कमिटीचा अर्ज भरण्याआधी एकदा मला दाखव, प्राण्यांची संख्या आपण मिळून ठरवू.