कथकच्या रियाजानंतर टाचा आणि पावलं दुखतात. तत्कार (पायांनी वाजवायचे बोल) चुकतोय का?

तुम्ही लिहिलंय की परीक्षा जवळ आल्यामुळे रियाज एकदम दुप्पट केलाय, आणि बाई "आवाज येत नाही, अजून जोरात" म्हणतात म्हणून पाय आपटताय. दुखणं बहुधा या दोन्हींतूनच आलंय.

मी वीसेक वर्षं कथक करतेय, शिकवतेही. विशारदच्या परीक्षेआधी मी नेमकं हेच केलं होतं. सिमेंटवर बसवलेल्या टाइल्स, दोन्ही पायांत शंभर-शंभर घुंगरू आणि एका तासाचे थेट अडीच तास. उजव्या पावलावर वरच्या बाजूला एकच जागा ठसठसायची. एक्स-रेत काही निघालं नाही, म्हणून आणखी नाचले. शेवटी एमआरआयमध्ये दुसऱ्या बोटामागच्या लांब हाडाला बारीक तडा दिसला. असा तडा पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बरेचदा दिसतच नाही, हे मला तेव्हा कळलं. परीक्षा गेली पुढच्या सत्रावर.

आता आवाजाचं. तत्कारात आवाज ताकदीने येत नाही, अख्खा तळवा एकाच क्षणी जमिनीला लागला की येतो. घुंगरू काढून ठेवा, विलंबित म्हणजे संथ लयीत 'ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्' चालवा आणि नुसतं ऐका. पाऊल सपाट पडलं तर टाळीसारखा मोकळा आवाज येतो. बोदा 'धप्प' आला तर टाच आपटतेय. 'फट्-टक्' असा दुहेरी आला तर चवडा आणि टाच मागेपुढे पडतायत. घुंगरांच्या गलक्यात हे लपून जातं. (माझ्या वर्गात पहिला अर्धा तास घुंगरू बांधायचेच नाहीत. मुली कुरकुरतात.) पाय फार वर उचलायची गरज नसते. गुडघा किंचित सैल हवा, कुलुपासारखा मागे ताठ बसला की सगळा धक्का टाचेतून वर चढतो. आणि गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहतोय का ते आरशात बघा. बऱ्याच जणींचा आत कलतो.

चक्करमध्ये, म्हणजे गिरकी घेताना, वेगळी गोम आहे. पाऊल घामाने जमिनीला चिकटतं, अंग फिरतं आणि पीळ गुडघ्याला बसतो. टाचेवर पाऊल आणि अंग एकत्र फिरायला हवं. तळवे पुसूनच चक्कर घ्या.

घुंगरांची दोरी घोट्याच्या हाडाच्या वर गुंडाळा, बोटं बधिर होतील इतकी आवळू नका. जमीन बदलणं आपल्या हातात नसतं, पण लाकडी फ्लोअरचा हॉल मिळत असेल तर लांबचा रियाज तिथे करा. घरी टाइल्सवर अनवाणी वावरू नका, मऊ चप्पल घाला. रियाजाआधी पोटऱ्या गरम करून घ्या, नंतर ताणा. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहून टाचा हळूहळू खाली सोडायचा व्यायाम मला सगळ्यात लागू पडला. भेगांसाठी कोकमाचं मुठेल (बियांचं घट्ट तेल), त्याला तोड नाही.

सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टेकताना टाचेत कळ येते आणि चालल्यावर कमी होते, असं असेल तर तळव्याचा पडदा (प्लांटर फॅशिया) सुजला असण्याची शक्यता जास्त. पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवून तळव्याखाली फिरवा, रियाज निम्म्यावर आणा. पण एका बोटाने दाखवता येईल अशी हाडावरची जागा दुखत असेल, एका पायावर उडी मारताना तिथेच चमक निघत असेल, तर तत्कार आजच थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जा. "मी रोज नाचते" हे त्यांना आपणहून सांगा, नाहीतर एक्स-रे बघून घरी पाठवतील.

तोवर पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं, आहेच. मी त्या दीड महिन्यात खुर्चीत बसून, हातावर ताल धरून, सगळ्या तिहाया (तीनदा म्हणून समेवर संपणारे तुकडे) म्हणून काढल्या. एका चक्रदारात (तिहाईसकट अख्खा तुकडा तीनदा येतो त्यात) मी कायम एक मात्रा खात होते, ती तेव्हा सापडली.