आधी दोन दिवे, मग चेहरा

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

डिजिटल चेहऱ्यांवर संशोधन करायचंय, तर कोणत्या न्यूरल नेटवर्कपासून सुरुवात करू, असं तू विचारलंस. माझं ऐकशील तर दोन दिव्यांपासून कर.

रात्री खोलीत अंधार कर. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसव, एक्स्पोजर ऑटोवर ठेवू नकोस. घरातल्या कुणालातरी समोर बसव, हलू नका म्हणावं. एक फोटो फक्त डावा दिवा लावून, दुसरा फक्त उजवा, तिसरा दोन्ही लावून. पहिल्या दोघांची, म्हणजे त्यांतल्या पिक्सेलच्या आकड्यांची, बेरीज तिसऱ्याशी जुळायला हवी. माझी जुळली नव्हती. आठवडाभर कोड तपासत बसलो, आणि चूक कोडमध्ये नव्हतीच. मी जेपेग फायली घेतल्या होत्या. फोटो डोळ्याला बरा दिसावा म्हणून त्यातले आकडे आधीच वाकवलेले असतात. रॉ फायली घेतल्या, ज्यात कॅमेऱ्याने मोजलेले आकडे न वाकवता ठेवलेले असतात, आणि पिक्सेलला पिक्सेल जुळला. त्या रात्री मला आनंदाने झोप लागली नाही.

लाइट स्टेजचं, म्हणजे अनेक दिशांनी प्रकाश टाकून चेहरा टिपणाऱ्या यंत्रणेचं, मर्म हीच बेरीज. पॉल डेबेव्हेक आणि सहकाऱ्यांनी 2000 साली सिग्राफ या कंप्युटर ग्राफिक्सच्या परिषदेत मांडलेल्या कामात दिवा माणसाभोवती फिरवून दोन हजारांवर दिशांनी चेहरा उजळला. मग प्रत्येक फोटोला हव्या त्या जागेतल्या प्रकाशाचं वजन देऊन बेरीज केली की तोच चेहरा कॅथेड्रलमध्ये किंवा झाडीत बसलेला दिसतो.

आता त्वचा. मोबाइलच्या टॉर्चवर बोट धर, ते लाल उजळेल. प्रकाश आत शिरतो, विखुरतो, भलतीकडून बाहेर येतो. हे झटपट मोजायची रीत 2001 मध्ये जेन्सन आणि सहकाऱ्यांनी दिली. वरची चकाकी मात्र आत शिरतच नाही. दिव्यावर एक पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारा फिल्टर, आणि लेन्सवर त्याला काटकोनात दुसरा लाव. कपाळावरची चकाकी जाते, उरतो तो फक्त आतून परतलेला प्रकाश. दोन्ही वेगळे करता येतात, आणि तसे करायलाच हवेत.

कारण सावळ्या त्वचेत मेलॅनिन, म्हणजे प्रकाश शोषणारं रंगद्रव्य, जास्त. आतून परतणारा प्रकाश कमी, म्हणून चकाकी अधिक उठून दिसते. गोऱ्या त्वचेवर बसवलेले आकडे तुझ्या आजीच्या चेहऱ्याला लावशील तर गालाच्या हाडावरची ती झळाळी हरवेल आणि ती तुला ओळखूच येणार नाही. 'खरी त्वचा' म्हणताना आमच्या क्षेत्राने फार काळ गोरी त्वचाच डोळ्यांपुढे ठेवली, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तू आजीपासून सुरू कर.

तिन्ही रॉ फायली मला पाठव. बेरजेतून तिसरा फोटो वजा करून तोही पाठव. तो पूर्ण काळा आला नाही, तर खिडकीचा पडदा बघ. बहुतेक रस्त्यावरचा दिवा आत येत असेल, आणि बेरजेत तो दोनदा मोजला जातो.