बातमी शिळी होऊ दे

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

रात्री दीडपर्यंत फोनवर बातम्या बघत बसतेस, मग झोप येत नाही, आणि आईने हटकलं की 'करंट अफेअर्स चालू आहे' म्हणतेस. एमपीएससीवाल्यांची ही सबब जुनीच आहे. अगं, आयोग काल रात्रीचं ब्रेकिंग विचारत नाही!

न्यूजडेस्कवर उभा जन्म गेला, म्हणून आतलं सांगतो. घटना घडल्यावर पहिल्या तासात हाती फारसं काही नसतं. अर्ध्या मिनिटाची हललेली क्लिप, 'सूत्रांची माहिती' आणि लांब कुठेतरी उभा केलेला बातमीदार. वेळ तर भरायचा असतो. मग तीच क्लिप लाल गोल काढून, नंतर संगीत लावून, नंतर शेजारी चार तज्ज्ञ बसवून फिरवत राहतात. पाहणाऱ्याला कळत नवीन काहीच नाही, छातीत धडधड तेवढी वाढते. भारत-पाकिस्तान संघर्षातली 8 मे 2025 ची रात्र आठव. कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं कितीतरी चॅनेल ओरडून सांगत होते. तसं काही झालंच नव्हतं. लवकर झोपलेल्यांचं काय बिघडलं?

2013 च्या एप्रिलमध्ये बोस्टन मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले. पुढच्या आठवड्यात रोज सहा तास किंवा त्याहून जास्त वेळ त्याच बातम्यांत घालवणाऱ्यांमध्ये तीव्र ताणाची लक्षणं स्फोटाच्या जागी वा आसपास असलेल्यांपेक्षाही जास्त आढळली, असं अमेरिकी संशोधकांनी नोंदवलंय. आता घाबरलेला माणूसच जास्त बघत बसतो, असंही असेल. मला तर दोन्ही एकमेकांना खतपाणी घालतात असं वाटतं.

बातम्या सोडू नकोस, पण त्या जरा शिळ्या होऊ देत. सकाळी छापील पेपर वाच, हवं तर आकाशवाणी पुण्याच्या सात-पाचच्या प्रादेशिक बातम्या ऐक. नोटिफिकेशन बंद. व्हिडिओ आपोआप सुरू होतात ते सेटिंगही बंद. नातेवाइकांचा ग्रुप म्यूट कर. कुणी रुसलं तर रुसू दे. फोन रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लाव, उशाशी साधं गजराचं घड्याळ ठेव.

एवढं करूनही झोप आली नाही, जीव घाबरा होत राहिला, तर अंगावर काढू नकोस. 14416 ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आईला सांगायचं की नाही ते तू ठरव, फोन मात्र कर.

तुझा,
काका