उंदरांनी कुरतडलेली आजीच्या हातची वासुदेवाची बाहुली टाकाऊ सामानातून पुन्हा उभी करता येईल का?

येईल, नक्की येईल. डोकं आणि हात शाबूत आहेत, फक्त अंगरखा, एक पाय आणि टोपी गेली, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे वासुदेव बराचसा वाचलाय. फक्त चेहरा पुन्हा रंगवू नका. डोळे थोडे पुसट झाले असतील तरी राहू देत, ते आजीच्या हातचे आहेत. कोरड्या मऊ ब्रशने धूळ तेवढी झटका.

उंदीर बहुधा खळीच्या वासाने आले असतील. पूर्वी घरी मैद्याचीच खळ करून कापड चिकटवायचे. तुम्ही कापडाला पाणी घातलेलं फेविकॉल लावा. पायासाठी जुन्या वायरीतली तांब्याची तार पीळ देऊन घ्या आणि वर कागदाचा लगदा चढवा. लगद्यात भिजवून वाटलेल्या मेथ्या घाला. कागदाच्या टोपल्या करताना बायका घालायच्या तशाच.

खरं काम अंगरख्याचं. वासुदेव गिरकी घेतो तेव्हा घेर फुलतो, तो घेर नसेल तर बाहुली नुसती उभी वाटते. नवं सुती कापड इतक्या लहान मापात पुठ्ठ्यासारखं ताठ राहतं, म्हणून धुऊन धुऊन विरलेलं धोतर घ्या. तुमची बाहुली वीतभर आहे, तेव्हा 7 इंच व्यासाचा गोल कापा आणि मधोमध 1 इंचाचं भोक पाडा. कमरेला बसवल्यावर खाली 3 इंच घेर मिळतो. आतून फेविकॉलचा हात फिरवा, पायांभोवती पालथ्या वाटीसारखं काहीतरी टेकू म्हणून ठेवा आणि चुण्या बोटांनी पाडून रात्रभर वाळू द्या.

माझ्या आईने केलेला वासुदेव दुरुस्त करताना मी लाल शेला न तपासता धुतला आणि सगळा रंग पांढऱ्या अंगरख्यावर उतरला. अजून हळहळ वाटते. आधी ओल्या कापसाने एक कोपरा पुसून बघा.

टाळ म्हणून टिचबटणांची जोडी लावा, हुबेहूब दिसते. चिपळ्या आइस्क्रीमच्या काडीच्या, पायात तुटक्या पैंजणाचे घुंगरू.

टोपीचा शंकू जाड लग्नपत्रिकेचा करा. अख्खं मोरपीस या मापाला फार मोठं होतं. देठाच्या कडेचे बारीक तंतू सोडवून जुड्या बांधाव्या लागतात. पण तुम्हाला तो बहिणीकडे कॅनडाला पाठवायचाय आणि मोरपिसं देशाबाहेर पाठवायला आपल्याकडे बंदी आहे. त्यामुळे फाटक्या पैठणीच्या पदरातले हिरवे-निळे रेशमी धागे उसवून त्यांच्या जुड्या लावा. आजीच्या टोपीचा कुरतडलेला पुठ्ठा उरला असेल तर तो टाकू नका, नव्या टोपीच्या आत अस्तरासारखा चिकटवा.