सिंगापूर क्रूझसाठी चांगी विमानतळ ते क्रूझ टर्मिनल खासगी गाडी पुण्यातूनच बुक करावी का?

तुमचा प्रश्न वाचला. कोथरूडहून सहा जण निघताय: तुम्ही दोघं, सासू-सासरे आणि आठ व पाच वर्षांची मुलं. मुंबईहून रात्री साडेअकराचं विमान, सकाळी सिंगापूर आणि त्याच दिवशी संध्याकाळी ५ वाजता जहाज सुटणार. एजंट म्हणतोय, चांगी ते क्रूझ टर्मिनल प्रायव्हेट ट्रान्सफर आत्ताच बुक करा, आयत्या वेळी मिळणार नाही. तर घ्यायची का?

जाताना नको, येताना घ्या. विकलं जातं ते बहुधा याच्या उलट, कारण अनोळखी शहरात उतरल्यावर काय होईल याची धास्ती सगळ्यांना असते आणि परतीचा विचार निघताना कुणी करत नाही. मी पुण्यातल्याच एका छोट्या टूर ऑफिसात गाड्या आणि हॉटेलं जुळवायचं काम करते, त्यामुळे हे विकणाऱ्याच्या खुर्चीत बसून सांगतेय.

आधी वेळेचं गणित बघा. साडेअकराला निघालेलं विमान साधारण साडेपाच तासांनी उतरतं. सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, म्हणजे तिथे सकाळचे साडेसात. इमिग्रेशन, सामान, मुलांची बाथरूम, सगळं धरून साडेआठला बाहेर. विमानतळ ते मरीना बे क्रूझ सेंटर वीसेक किलोमीटर, रस्ता उत्तम, फार तर अर्धा तास. नऊला तुम्ही टर्मिनलच्या दारात. आणि पुढे? जहाज त्याच सकाळी आधीच्या फेरीहून आलेलं असेल, तर त्या वेळी हजारो लोक उतरत असतात. नव्या प्रवाशांना आत घ्यायला साधारण दुपारी सुरुवात होते आणि तुमची नेमकी वेळ जहाजाच्या ई-तिकिटावर छापलेली असते. म्हणजे नावाची पाटी घेऊन उभा राहिलेला ड्रायव्हर तुम्हाला मोठ्या तत्परतेने अशा जागी नेऊन सोडणार, जिथे पुढचे तीन तास तुमचं काहीच काम नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतात हे तुम्ही लिहिलंच आहे.

त्यापेक्षा बॅगा चांगीवरच ठेवा. सामान ठेवायची पैसे देऊन सोय तिथे आहे. मग ज्युएलमध्ये जा. २०१९ मध्ये सुरू झालेली ही इमारत टर्मिनल १ ला लागूनच आहे, २ आणि ३ मधून पुलावरून चालत जाता येतं. आत ४० मीटर उंचीवरून पडणारा धबधबा आहे, मुलं तिथून हलणार नाहीत. सासूबाईंनी दशम्या आणि चटणी घेतलीच असेल, तर ती इथेच संपवा. घरचं शिजवलेलं अन्न जहाजावर आणू द्यायला बहुतेक क्रूझ कंपन्यांची मनाई असते आणि स्कॅनिंगच्या रांगेत दशमीवरून हुज्जत घालणं बरं दिसत नाही.

साडेअकरा-बाराला निघा. तेव्हा टॅक्सीची रांग भराभर पुढे सरकते. टॅक्सी मीटरवर चालते, वर विमानतळाचा अधिभार लागतो. मध्यरात्री ते सकाळी ६ भाड्यावर ५० टक्के जास्त, पण तो तुम्हाला लागू नाही. साध्या टॅक्सीत चारच माणसं बसतात, त्यामुळे दोन टॅक्सी कराव्या लागतील. सासू-सासऱ्यांबरोबर तुमच्यापैकी एक जण बसा, ड्रायव्हरशी बोलायला. दोन गाड्या नकोच असतील तर अरायव्हल हॉलमध्ये गाड्यांचा काउंटर असतो, तिथे सहा-सात जणांची मोठी गाडी जागेवर मिळते. एजंट जी गाडी ‘नंतर मिळणार नाही’ म्हणतो, ती बहुतेक वेळा हीच.

आता मुलांचा मुद्दा, जो एजंटने तुम्हाला सांगितलेला दिसत नाही. सिंगापूरमध्ये १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला गाडीत चाइल्ड सीट किंवा बूस्टर लागतं. टॅक्सीला यातून सूट आहे, खासगी भाड्याच्या गाडीला नाही. तुमची दोन्ही मुलं या उंचीखाली येणार. म्हणजे अ‍ॅपवरून गाडी मागवलीत किंवा खासगी ट्रान्सफर घेतलीत, तर दोन सीट आधी लिहून मागवाव्या लागतील, नाहीतर नियमाने चालणारा ड्रायव्हर सरळ नकार देऊन निघून जाईल. रिक्षात पोर मांडीवर घेऊन ‘सहा म्हणजे पाचच’ करायचं आपलं गणित तिथे चालत नाही. अ‍ॅप म्हणजे तिथे ग्रॅब. उबर २०१८ मध्येच तिथून गेलं. मुलांच्या सीटची गाडी त्यात वेगळी निवडता येते.

तरीही एजंटच्या पॅकेजमध्ये ही गाडी आधीच धरली असेल आणि काढून पैसे परत मिळणार नसतील, तर व्हाउचर मागून घ्या आणि नीट वाचा. आमच्या धंद्यात ते साधारण असं येतं: पिकअप चांगी, ड्रॉप मरीना बे, पॅक्स (म्हणजे प्रवासी) ६, लगेज स्टँडर्ड, आणि कोपऱ्यात तीन अक्षरं, पीव्हीटी किंवा एसआयसी.

कोपऱ्यापासून सुरू करा. पीव्हीटी म्हणजे गाडी फक्त तुमची. एसआयसी म्हणजे सीट इन कोच, थोडक्यात वडाप: इतर चार कुटुंबं, त्यांची हॉटेलं, आणि तुमचं टर्मिनल सगळ्यात शेवटी. तोंडी ‘प्रायव्हेट’ आणि व्हाउचरवर एसआयसी हा प्रकार मी अनेकदा पाहिला आहे, आणि दर वेळी त्यात लबाडीच असते असंही नाही. बऱ्याचदा विकणाऱ्यालाच फरक माहीत नसतो.

‘ड्रॉप मरीना बे’ हे तर अजिबात चालू देऊ नका. मरीना बे नावाचा अख्खा परिसर आहे, त्यात तीन मनोऱ्यांचं ते प्रसिद्ध हॉटेल आहे, मेट्रोचं स्टेशन आहे, आणि थोडं पुढे समुद्राकडे क्रूझ सेंटर आहे. शिवाय हार्बरफ्रंटला सिंगापूर क्रूझ सेंटर नावाचं दुसरंच टर्मिनल आहे, सेंतोसाच्या समोर, आणि विमानतळाच्या बाजूला तानाह मेराहचा फेरी धक्का. तिन्हीकडून बोटी सुटतात. २०१२ पासून मोठी जहाजं बहुतेक मरीना बे क्रूझ सेंटरला लागतात, पण ‘बहुतेक’वर जाऊ नका. जहाजाच्या तिकिटावर टर्मिनलचं जे नाव छापलंय तेच अक्षर न् अक्षर व्हाउचरवर हवं, सोबत जहाजाचं नावही. ड्रायव्हर जहाजाच्या नावावरून लगेच ओळखतो.

‘लगेज स्टँडर्ड’ म्हणजे काय, हे ज्याने लिहिलं त्यालाही सांगता येणार नाही. सहा जणांची गाडी म्हणजे सहा माणसं बसतील अशी गाडी. तिसरी रांग उघडली की मागे किती जागा उरते हे इनोव्हातून महाबळेश्वरला गेलेल्या कुणालाही माहीत आहे, आणि इथे ‘वर कॅरिअरला बांधू’ म्हणता येत नाही. सहा मोठ्या बॅगा असतील तर तसा आकडा लिहायला लावा. मग ते बहुधा तेरा सीटची गाडी देतील. भाव थोडा वाढेल, पण आयत्या वेळी दुसरी गाडी मागवण्यापेक्षा तो कमीच पडतो. आणि भाव माणशी नको, गाडीचा विचारा. माणशी सांगितला की तो छोटा वाटतो, सहाने गुणला की डोळे उघडतात.

तारीख तर दोनदा बघा. विमान मुंबईहून ज्या तारखेला निघतं तीच पिकअपची तारीख म्हणून टाकणं ही फार नेहमीची गफलत आहे. तुमची पिकअप दुसऱ्या दिवसाची. वेळ सिंगापूरची. ड्रायव्हर फुकट किती थांबणार तेही लिहून घ्या. विमानतळावर बहुतेक जण विमान उतरल्यापासून पाऊण-एक तास थांबतात, मग दर पंधरा मिनिटांना पैसे चढतात. व्हीलचेअर घेणार असाल तर तिच्यामुळे बाहेर पडायला उशीरही होऊ शकतो. सासूबाईंसाठी ती विमान कंपनीकडे आणि क्रूझ कंपनीकडे वेगवेगळी मागवावी लागते. एकाने दुसऱ्याला सांगितलं असेल, हे गृहीत धरू नका.

टर्मिनलवर उतरलात की मोठ्या बॅगा हमाल घेतात आणि त्या संध्याकाळपर्यंत केबिनच्या दाराशी येतात. त्यामुळे घरून छापून नेलेले केबिन नंबरचे टॅग गाडीतच लावून टाका, आणि पासपोर्ट, औषधं, सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा. जहाज पाचला सुटणार म्हणजे दार पाचला बंद होणार असं नाही. प्रवाशांची अंतिम यादी आधी द्यावी लागते, म्हणून चेक-इन तास-दीड तास आधीच बंद होतं.

आता परतीचं. जहाज पहाटे धक्क्याला लागतं आणि सगळं गावच्या गाव दोन-तीन तासांत बाहेर पडतं. टॅक्सीची रांग तेव्हा लांबलचक असते. मरीना साउथ पिअर हे मेट्रोचं स्टेशन चालत जाण्याइतकं जवळ आहे, पण सहा बॅगा, दोन पोरं आणि दुखरे गुडघे घेऊन तो विचार सोडा. गाडी आधी ठरवून ठेवायची ती इथे. फक्त बंदरावर ड्रायव्हर विमानतळाइतका वेळ थांबत नाही, अनेक ठिकाणी पंधरा मिनिटं ते अर्धा तासच. म्हणून पिकअप उशिराची ठेवा, साडेनऊची वगैरे, आणि एक तास थांबायचं कबूल करून घ्या. शेवटच्या रात्री बॅगा केबिनबाहेर ठेवल्यात तर त्या गटागटाने खाली मिळतात आणि तुमचा गट कधी येईल ते तुमच्या हातात नसतं. परतीचं विमान दुपारी १ च्या आधीचं घेऊ नका. समुद्रात असताना फोन एअरप्लेन मोडवरच राहू दे. जहाजाचं नेटवर्क पकडून रोमिंगचं बिल आलं तर ते गाडीच्या भाड्याहून मोठं असू शकतं. धक्क्याला लागल्यावर मोड काढा आणि ड्रायव्हरला व्हॉट्सअ‍ॅप करा. त्याचा नंबर आणि गाडीचा नंबर जहाजावर चढायच्या आधीच मागून, स्क्रीनशॉट काढून ठेवा.

खाली कुणीतरी विचारलंय की युरोपातही असंच का. नाही, तिथे उत्तर उलटं येऊ शकतं, कारण क्रूझच्या जाहिरातीतलं शहर आणि बंदर यांची गाठ असेलच असं नाही. ‘रोम’ म्हणजे चिविटावेक्किया, शहरापासून सत्तर-ऐंशी किलोमीटर. ‘लंडन’ म्हणजे बहुतेकदा साउदम्प्टन, हीथ्रोपासून शंभरएक किलोमीटर. ‘पॅरिस’ म्हणजे ल हाव्र, दोनशेच्या आसपास. आशियातही ‘बँकॉक’ म्हणजे लेम चबांग, सव्वाशेच्या घरात. अशा ठिकाणी चार-सहा जणांना आधी ठरवलेली खासगी गाडी मीटरच्या टॅक्सीपेक्षा स्वस्तही पडते आणि डोक्याला तापही नाही. बार्सिलोनासारख्या ठिकाणी, जिथे बंदर शहरातच आहे, तिथे परत टॅक्सीच बरी.

खरं सांगू का, तुमच्या सगळ्या बेतात मला काळजी चांगी ते टर्मिनलची वाटतच नाही. ज्या दिवशी जहाज, त्याच सकाळी विमान, आणि त्याआधी कोथरूड ते मुंबई विमानतळ, ही साखळी जास्त कच्ची आहे. शुक्रवारी संध्याकाळी एक्सप्रेस-वेवर घाटात एक कंटेनर आडवा झाला की सगळं ठप्प, आणि पुढचं विमान हुकलं तर जहाज तुमच्यासाठी थांबत नाही. तारीख बदलता येत असेल तर आदल्या दिवशी सिंगापूरला पोचा. एजंट ट्रान्सफरला जे पैसे मागतोय ते हॉटेलच्या त्या एका रात्रीत घाला. बदलता येत नसेल तर घरून दुपारी दोनलाच निघा, भले विमानतळावर चार तास बसावं लागलं तरी चालेल.

दोन किरकोळ गोष्टी. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड पोचण्याच्या तीन दिवसांच्या आत ऑनलाइन भरायचं असतं आणि ते फुकट आहे; ‘भरून देतो’ म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. जहाज मलेशियाला जाऊन परत येणार असेल तर ते परतताना पुन्हा भरावं लागतं, आणि तुमचा व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा आहे ना तेही बघा. दुसरं म्हणजे कार्ड. आपल्या बँकांची कार्डं परदेशी व्यवहारांसाठी बहुधा बंद असतात, ती बँकेच्या अ‍ॅपमधून घरीच सुरू करा. टॅक्सीतून उतरताना कार्ड चालेना, मागे रांग लागलेली आणि ओटीपी पुण्यात राहिलेल्या सिमवर, ही वेळ येऊ देऊ नका.

एजंटला आज एवढंच विचारा: येण्याची गाडी काढून फक्त परतीची ठेवली तर किती कमी होतील, आणि ती पीव्हीटी आहे ना. आकडा आला की इथे टाका, ठीक आहे की जास्त लावलाय ते सांगते.