वाचकांचे प्रश्न : हिंटन खरे की लकून?

प्रश्न : एआयचे दोन नामवंत संशोधक : जेफ्री हिंटन एआयच्या धोक्याचा इशारा देतात, यान लकून तीच भीती उडवून लावतात. दोघांना 2018चा ट्युरिंग पुरस्कार, म्हणजे संगणकशास्त्रातला सर्वोच्च मान, एकत्र मिळालेला. आम्ही कुणाचं खरं मानायचं? (एक वाचक, धरमपेठ)

उत्तर : त्यांचं काम आणि त्यांचं भाकीत, या दोन गोष्टी आधी वेगळ्या करा. काम तपासून झालेलं आहे. न्यूरल नेटवर्कला, म्हणजे मेंदूच्या धर्तीवर रचलेल्या संगणकीय जाळ्याला, स्वतःच्या चुकांवरून शिकवण्याची रीत हिंटन, रुमेलहार्ट आणि विल्यम्स यांच्या 1986च्या लेखामुळे सगळीकडे पोहोचली. लकून यांच्या नेटवर्कनं 1989मध्येच अमेरिकी टपालावरचे हातानं लिहिलेले पिनकोड वाचून दाखवले. यावर कुणाचा वाद नाही.

भाकिताचं तसं नाही. रेडिओलॉजिस्ट (एक्स-रे, स्कॅन वाचणारे डॉक्टर) घडवणं आता थांबवा, पाचेक वर्षांत यंत्र त्यांच्याहून सरस होईल, असं हिंटन 2016मध्ये म्हणाले होते. आजही नीट-पीजी या वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेश परीक्षेत वरच्या क्रमांकाची मुलं पहिल्यांदा रेडिओलॉजीच उचलतात. हिशेब चुकला, कारण फिल्म वाचणं हा त्या डॉक्टरांच्या कामाचा एक तुकडा आहे. जुन्या फिल्मशी ताडून पाहणं, रुग्णाचा इतिहास विचारणं, सोनोग्राफीचा प्रोब हातात धरणं, सुई टाकून नमुना घेणं आणि शेवटी रिपोर्टवर सही करून जबाबदारी घेणं, हे सगळं त्यात येतं.

तरीही हिंटन यांचा इशारा आम्ही गंभीरपणे घेतो. मोकळेपणानं बोलता यावं म्हणून त्यांनी 2023मध्ये गुगल सोडलं. लकून अनेक वर्षं मेटात, म्हणजे फेसबुकच्या कंपनीत, होते, हेही त्यांचं मत वाचताना ध्यानात असू द्या. पण दोघांपैकी कुणीही ‘इतक्या वर्षांत’ म्हणाले, की विचारा : नेमकं कोणतं काम, आणि ते झालं की नाही हे कोण तपासणार?

प्रश्न : एआयचा जनक कोण, ट्युरिंग की मॅकार्थी? (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, महाल)

उत्तर : पेपरात जॉन मॅकार्थी लिहा. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ हे नाव 1955च्या प्रस्तावात आलं आणि 1956च्या डार्टमथ परिषदेनं ते रूढ झालं. यंत्र विचार करू शकेल का, हा प्रश्न ॲलन ट्युरिंग यांनी 1950मध्येच मांडला होता. त्या प्रस्तावावर मॅकार्थींसोबत मिन्स्की, रोचेस्टर आणि शॅनन यांचीही नावं आहेत, म्हणून ‘जनक’ हा शब्दच आम्हाला पटत नाही.

प्रश्न : संत्र्यावर फवारायला बोर्डो मिश्रण कसं करायचं, हे मोबाइलवरच्या एआयला विचारलं. त्यानं एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो चुना, दहा लिटर पाणी सांगितलं. बरोबर आहे का? (संत्रा बागायतदार, काटोल)

उत्तर : फवारू नका! हे प्रमाण खोडाला लावायच्या बोर्डो पेस्टचं आहे, फवारणीच्या दहापट तीव्र. 1 टक्का मिश्रणाला एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि 100 लिटर पाणी लागतं. एआय पुढचा शब्द कोणता येईल याच्या अंदाजानं वाक्य रचतं. ‘बोर्डो’च्या शेजारी 1:1:10 आणि 1:1:100 हे दोन्ही आकडे असंख्य ठिकाणी लिहिलेले, त्यामुळे गल्लत होते, आणि चुकीचा आकडाही ते तितक्याच ठामपणे सांगतं.

म्हणून विचारताना पूर्ण विचारा : ‘फवारणीसाठी, 1 टक्का, 15 लिटरच्या पंपाला किती ग्रॅम?’ मग हिशेब स्वतः करा. 1 टक्का म्हणजे लिटरला 10 ग्रॅम, पंपाला 150 ग्रॅम मोरचूद आणि तितकाच चुना. उत्तर दीड किलो आलं, तर ते पेस्टचं समजा.

मोरचूद 50 लिटर पाण्यात प्लास्टिकच्या ड्रममध्ये विरघळवा, लोखंडी भांडं नको. चुना दुसऱ्या ड्रममध्ये विरवून उरलेल्या 50 लिटरमध्ये मिसळा आणि गाळून घ्या. मग दोन्ही द्रावणं एकाच वेळी तिसऱ्या ड्रममध्ये ओता आणि काठीनं ढवळत राहा. फवारण्याआधी विळ्याची स्वच्छ पात मिनिटभर मिश्रणात बुडवा. पातीवर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळं राहिलंय, त्यानं पानं करपतात. थर येणं थांबेपर्यंत चुन्याचं पाणी थोडं थोडं घाला आणि तयार मिश्रण त्याच दिवशी संपवा.