दोन ट्रेलरांची गाडी कलंडते कुठून?

प्रश्न असा आहे की, एका ट्रॅक्टरमागे (म्हणजे केबिन व इंजिन असलेल्या, ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकमागे) दोन ट्रेलर जोडले तर इंधन वाचेल; पण मागचा ट्रेलर महामार्गावर हेलकावे खाऊन कलंडणार नाही का? शंका रास्त आहे, मात्र तिचे उत्तर लांबीपेक्षा जोडणीत अधिक सापडते.

समजा, ताशी ८० किलोमीटर वेगात चालकाने अडथळा चुकवण्यासाठी झटकन लेन बदलली. ट्रॅक्टरला बसलेला आडवा झटका सांध्यासांध्यातून मागे जाताना वाढत जातो. साध्या सेमी-ट्रेलरमध्ये, म्हणजे पुढचे टोक ट्रॅक्टरवर टेकलेल्या एकाच ट्रेलरच्या गाडीत, ही वाढ जवळजवळ नसते. पण अमेरिकेतल्या २८ फुटी ट्रेलरांच्या जोडीत, जिथे मागचा ट्रेलर डॉलीवर (चाकांच्या छोट्या गाड्यावर) ठेवून ड्रॉबारने (ओढदांड्याने) ओढला जातो, शेवटचा झटका दुपटीच्या घरात जाऊ शकतो. शिवाय ड्रॉबारचा सांधा कलण्याला अडवत नाही, त्यामुळे तो ट्रेलर एकटाच कलू लागतो आणि केबिनमधल्या चालकाला ते वेळेवर कळतही नाही. ऑस्ट्रेलियातील बी-डबल या दोन ट्रेलरांच्या गाडीत दुसरा ट्रेलर पहिल्याच्या मागील फिफ्थ व्हीलवर (ट्रेलर टेकवून अडकवण्याच्या गोल तबकडीवर) टेकलेला असतो. एक सांधा कमी होतो, दोन्ही ट्रेलर एकमेकांना सावरतात, आणि म्हणूनच २६ मीटर लांबीची ही गाडी त्या आखूड अमेरिकी जोडीपेक्षा अधिक स्थिर असते.

याची किंमत वळणावर मोजावी लागते. ट्रेलरचा व्हीलबेस (पुढच्या जोडणीपासून मागच्या चाकांपर्यंतचे अंतर) वाढवला की वेगात गाडी शांत चालते, पण चौकात मागची चाके तितकीच आत सरकतात. ऑस्ट्रेलियातील कामगिरीवर आधारित मानके हे दोन्ही गुण तपासतात. कलंडण्यापूर्वी गाडीने गुरुत्वत्वरणाच्या किमान ०.३५ पट, तर धोकादायक माल नेणाऱ्या टँकरने ०.४० पट आडवे त्वरण सोसले पाहिजे, अशी त्यांची अट आहे. मला हीच पद्धत पटते.

बचतीचे म्हणाल तर २५.२५ मीटर लांबीच्या दोन जोडट्रेलर गाड्या साधारण तीन नेहमीच्या गाड्यांचा माल नेतात, म्हणून हवेचा रोध आणि रिकामे वजन दोन्ही मालाच्या प्रमाणात घटतात. मात्र केवळ लांबी वाढल्याचा फायदा पार्सलसारख्या हलक्या मालाला होतो. सिमेंटला वजनमर्यादाच आड येते. स्वीडनने २०१८ पासून ठरावीक रस्त्यांवर ७४ टनांना परवानगी दिली, तीही पुलांची ताकद पाहून आणि भार अधिक एक्सलांवर वाटून.

आपल्याकडे २०२० च्या नियमदुरुस्तीत रोड ट्रेनसाठी (एकाहून अधिक ट्रेलरांच्या गाडीसाठी) २५.२५ मीटर हीच लांबी आली आहे. अशी गाडी भरताना जड माल पुढच्या ट्रेलरमध्येच ठेवावा. पुढचा रिकामा आणि मागचा भरलेला, अशा अवस्थेत ती रस्त्यावर काढूच नये.